वचनाची चिठ्ठी



आजचा विषय आम्ही निवडला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. जानेवारीतली गोष्ट. रविवारची उपासना आटोपली होती, मंडळी बाहेर चहा घेत उभी होती. ओळखीचा एक मुलगा जवळ आला आणि खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून त्याने आमच्या हातावर ठेवली. आपल्यापैकी जे ख्रिस्ती आहेत त्यांना ही चिठ्ठी सांगायला नको. जे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एकतीस डिसेंबरच्या रात्री पुष्कळ मंडळ्यांमध्ये उपासना असते. बारा वाजून गेले की टोपलीत किंवा ताटात छोट्या चिठ्ठ्या फिरवतात, प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातली एक ओळ असते. ज्याने जी उचलली ते त्याचं वर्षाचं वचन. कोणी ते फ्रिजवर चिकटवतं, कोणी मोबाईलच्या पडद्यावर ठेवतं.

या मुलाच्या हातातली चिठ्ठी नव्या वर्षाची नव्हती, त्याच्या आधीच्या वर्षाची होती. तीवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओळ होती. देवाला आपल्याबद्दलचे बेत ठाऊक आहेत आणि ते भल्याचे आहेत, असा तिचा आशय. सगळ्यांच्या आवडीची ओळ. मुलगा स्पर्धा परीक्षा देतो, तीन वेळा बसला, तिसऱ्यांदा थोडक्यात राहिला. तो म्हणाला, "सर, एकच सांगा. वचन खोटं, की माझा विश्वास कमी?" आम्ही काही बोलायच्या आत त्यानेच खाली बघत पुढचं सांगून टाकलं, "की मी मुळातच काही कामाचा नाही?"

चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण तीन वाक्यांत इतका नेमका प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी आम्ही त्याला चहा पाजला आणि "बोलू सावकाश" म्हणालो. आज जे बोलणार आहोत ते त्याच्याशी झालेलं पुढचं बोलणंच आहे, थोडं नीट मांडलेलं.

सुरुवात शब्दापासून करू. ख्रिस्ती मराठीत 'वचन' हा शब्द दोन कामं करतो. बायबलमधल्या कुठल्याही ओळीला आपण वचन म्हणतो. "आजचं वचन वाचा" म्हणजे आजचा उतारा वाचा. आणि दिलेला शब्द, बांधून घेतलेली जबाबदारी, तेही वचनच. दशरथाने कैकेयीला दिलं ते वचन. हे दोन अर्थ आपल्या डोक्यात नकळत एक होतात, आणि मग शास्त्रातली प्रत्येक ओळ आपल्याला वैयक्तिक हमीपत्रासारखी वाटू लागते. इतर भाषांत हा घोटाळा नाही असं नव्हे, पण मराठीत तो शब्दाच्या पोटातच बसलेला आहे.

आता दुसऱ्या अर्थाचं वचन म्हणजे नेमकं काय? जे. एल. ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. १९५५ साली हार्वर्डमध्ये त्यांनी काही व्याख्यानं दिली, ती पुढे १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुद्दा असा, की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती बोलणं हीच एक कृती असते. "उद्या पाऊस येईल" हे भाकीत. ते खरं ठरतं किंवा खोटं. "उद्या मी येईन, शब्द देतो" हे मात्र भाकीत नाही. तिथे बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेतलं. भाकितावर आपण पैज लावू शकतो. वचनावर आपण विसंबतो, आणि ते विसंबणं मुळात त्या ओळीवर नसतं, ती बोलणाऱ्यावर असतं.

म्हणून भविष्य सांगणाऱ्याला आपण विचारतो, कधी होईल? वचन देणाऱ्याबद्दल आपण विचारतो, हा माणूस कसा आहे? त्या मुलाने, आणि खरं सांगायचं तर आपण बहुतेकांनी, चिठ्ठीला पहिला प्रश्न विचारलेला असतो.

भंडारा जिल्ह्यातल्या श्रोत्यांना वचन आणि वाट पाहणं याबद्दल शिकवायला जाणं म्हणजे जरा धाडसच. १९८८ च्या एप्रिलमध्ये वैनगंगेवर गोसेखुर्दची पायाभरणी झाली तेव्हा आम्ही ऐन तारुण्यात होतो. पवनी तालुक्यातल्या कितीतरी लोकांनी त्यानंतर गाव सोडलं, पाणी वावरात येईल म्हणून वाट पाहिली, काहींची वाट पाहण्यातच हयात गेली. अशा मातीतल्या माणसाला "वचनावर भरवसा ठेव" एवढंच म्हटलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं चुकीचं नसेल. भरवसा ही फुकट वाटायची वस्तू नाही. कोणावर ठेवायचा, कशासाठी ठेवायचा, किती काळासाठी ठेवायचा, हे विचारूनच तो ठेवायचा असतो. हे विचारणं म्हणजे अविश्वास, असं ज्याला वाटतं त्याने स्तोत्रसंहिता पुन्हा एकदा वाचावी. तिथे देवाला "किती काळ?" असं वारंवार विचारलेलं आहे, आणि तरी ती प्रार्थनाच आहे.

तर आता ती चिठ्ठी उघडू.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेममधून राजाला, कारागिरांना, प्रतिष्ठितांना धरून नेलं. परक्या मुलखात हे लोक बसले आहेत, बोचकी न सोडता. का? कारण त्यांना सांगणारे होते, की हे फार दिवस चालणार नाही. अगदी आधीच्याच अध्यायात, म्हणजे अठ्ठाविसाव्यात, हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया तेव्हा मानेवर जू घालून फिरत असे, गुलामीची खूण म्हणून. हनन्या ते जू ओढून काढतो आणि मोडून टाकतो. लोकांना काय आवडलं असेल याची कल्पना करा! आजच्या भाषेत हनन्याच्या सभेला मांडव पुरला नसता.

आणि यिर्मया पत्रात काय लिहितो? घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, पोरांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलं त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षं लागणार आहेत. हे दहाव्या ओळीत आहे. आणि त्याच्या लगेच खाली ती चिठ्ठीवरची अकरावी ओळ येते.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे जाणते होते त्यांच्यातले बहुतेक परत जाणारच नव्हते. भल्याचा बेत होता, पण तो 'तुला' नव्हता, 'तुम्हां सर्वांना' होता, आणि नातवंडांच्या पिढीपर्यंत पसरलेला होता. चिठ्ठीवर दहावी ओळ कोणी छापत नाही. आम्ही छापणाऱ्यांना दोष देत नाही. चिठ्ठी लहान असते.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. जे जुने मालगुजारी तलाव आज आपण पाहतो, त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. पाळ घालणाऱ्याने त्या पाण्यावर किती वर्षं रोवणी केली असेल? थोडीच. पण त्याने पाळ घातली. यिर्मयाच्या पत्रातली बाग लावणारी माणसं आम्हाला नेहमी आपल्या तलाव बांधणाऱ्यांसारखी दिसतात.

इथे कोणी म्हणेल, प्रोफेसर, तुम्ही आमच्या हातची चिठ्ठीच काढून घेतली. तसं नाही. पण चुकीच्या रीतीने दिलेल्या धीराने काय होतं ते आम्ही घरात पाहिलं आहे. आमच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात एक गृहस्थ भेटायला आले. प्रार्थना केली, ती सुंदर केली. मग जाताना म्हणाले, "ताई, पूर्ण विश्वास ठेवा. विश्वास पूर्ण असेल तर आजार राहूच शकत नाही." ते गेल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आता आजाराबरोबर हेही माझ्याच अंगावर." शेवटचे काही आठवडे ती स्वतःचा विश्वास मोजत बसली, ताप मोजावा तसा. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता. पण आजारी बाईच्या उशाशी त्यांनी एक परीक्षा ठेवली, आणि ती ती नापास होत गेली. आम्हाला तेव्हा जे सांगायला हवं होतं ते वेळेवर सुचलं नाही. पौलाची गोष्ट सांगायला हवी होती. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो लिहितो, की शरीरातला एक काटा दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. त्याऐवजी कृपा पुरेशी आहे असं त्याला कळलं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कोणी धजणार आहे का?

हिब्रू भाषेत विश्वासासाठी जो शब्द आहे, 'एमुना', त्याच्या मुळाशी स्थिर असणं, टिकून असणं हा अर्थ आहे. आपण प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतो ते त्याच धातूचं. आपल्या 'विश्वास' शब्दात श्वास आहे, 'श्वस्' हा धातू. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा माणूस, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. व्याकरणाचे प्राध्यापक यावर हरकत घेत, घेऊ देत. सांगायचं एवढंच, की मनात शंभर टक्के खात्री गोळा करणं म्हणजे विश्वास, हा अर्थ या दोन्ही शब्दांत नाही.

आता त्याचा तिसरा प्रश्न. मी काही कामाचा आहे का? आम्हाला हा सगळ्यांत जड वाटतो, कारण पहिले दोन प्रश्न देवाबद्दल होते, हा आरशाबद्दल आहे.

चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये मांडलं, की आपली स्वतःबद्दलची कल्पना आरशातल्या रूपासारखी असते. लोकांना आपण कसे दिसतो याची आपण कल्पना करतो, ते त्यावर काय मत करतात याची कल्पना करतो, आणि त्यावरून लाज किंवा अभिमान बाळगतो. लक्षात घ्या, तिथे लोक प्रत्यक्ष काय म्हणाले हे नाही. आपण कल्पिलेलं आहे. याचं उत्तम उदाहरण गणना या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. बारा हेर चाळीस दिवस देश पाहून येतात. दहा जण म्हणतात, तिथली माणसं राक्षसासारखी धिप्पाड, आम्ही आमच्याच नजरेला नाकतोड्यांएवढे वाटलो, आणि त्यांनाही तसेच वाटलो. दुसरा भाग यांना कोणी सांगितला? त्यांनी त्या धिप्पाड माणसांना जाऊन विचारलं होतं? चाळीस वर्षांनी यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात त्याच मुलखातली राहाब सांगते, की तुमच्याबद्दल ऐकून आमचीच पाचावर धारण बसली होती.

मग उपाय काय, आरशासमोर उभं राहून "मी वाघ आहे" म्हणायचं? हल्ली असं शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची फीही बरी असते. पण मोशेचं पाहा. जळत्या झुडपापाशी देव त्याला मिसरात जायला सांगतो. मोशे एकामागून एक पाच अडचणी काढतो. पहिलीच अशी, की मी कोण जाणारा? त्यावर देव त्याला "अरे, तू फार हुशार, राजवाड्यात वाढलेला" असं काहीच म्हणत नाही. मोशेच्या योग्यतेबद्दल एक शब्द नाही. उत्तर एवढंच, की मी तुझ्याबरोबर असेन. प्रश्न होता 'मी कोण', उत्तर आलं 'बरोबर कोण' याचं. आणि खूण काय दिली? काम फत्ते झाल्यावर तुम्ही याच डोंगरावर उपासना कराल! खूण नंतर येणार, निघायचं आधी. शेतकऱ्याला हे लवकर समजतं. बांधीत पऱ्हे लावताना ओंबी हातात नसते.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला असं आहे. हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं, की त्यातला धक्का गेला. त्या काळच्या मिसरात आणि बाबिलोनमध्ये देवाची प्रतिमा कोण? राजा. इथे ते नाव प्रत्येक माणसाला दिलं आहे, स्त्रीला आणि पुरुषाला. स्व-प्रतिमा हा शब्द मानसशास्त्रातून आला. त्याच्या अगोदर ही प्रतिमा आहे, आणि ती गुणपत्रिकेतून मिळत नाही.

आता हे सगळं फार जुनं, फार दूरचं वाटत असेल तर जवळचं उदाहरण घेऊ. नागपूरहून निघणारी रेल्वे आपल्या वरठीच्या, म्हणजे भंडारा रोड स्टेशनावरून, तुमसर रोड, गोंदिया करत राजनांदगावला जाते. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने एक तरुण मराठी कवी राजनांदगावला निघाला होता. नारायण वामन टिळक. डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणं सुरू झालं, धर्मावर आलं. त्या गृहस्थांनी त्यांना नवा करार दिला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं. (हनन्याचीही दोनच वर्षं होती, पण इथे ती खरी ठरली.) टिळक मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वय तेहतीस.

रेल्वेच्या डब्याची ही गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला मात्र जास्त लक्ष द्यावंसं वाटतं ते डब्यात नसलेल्या व्यक्तीकडे. लक्ष्मीबाई. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळं एवढं कडक, की बाजारातून आणलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरात वाढलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईला एक दिवस कळलं, की आपला नवरा ख्रिस्ती झाला. त्या क्षणी त्या कोण होत्या? सधवा की विधवा, हेही लोकांना ठरवता येईना. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. पुढे काही वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. म्हणजे आरसा जुनाच होता.

तो बदलला कसा? कोणी त्यांना "तुम्ही थोर आहात" म्हणून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच धसास लावला, आणि माणसाने केली असं ठरल्यावर कोणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. गंमत पाहा, आपण सहसा ज्याला स्व-प्रतिमा उंचावणं म्हणतो त्याच्या उलट इथे घडलं. त्यांना एक उंची सोडावी लागली. स्वतःला नाकतोडा समजणं हा जसा चुकीचा आरसा, तसा स्वतःला इतरांपेक्षा शुद्ध समजणं हाही. विदर्भात हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांच्या माथी समाजाने शतकानुशतकं हीनपणा मारला, त्यांच्यातल्या लाखोंनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर तो आरसाच फोडून टाकला, आणि तो मार्ग बुद्धाचा होता, ख्रिस्ताचा नव्हे. त्याबद्दल आम्हाला आदर आहे. आमच्या मंडळ्यांमधून जात पूर्ण गेली असती तर आम्ही अधिक ताठ मानेने बोललो असतो.

लक्ष्मीबाईंकडे परत येऊ. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य लिहायला घेतलं आणि थोडेच अध्याय होतात न होतात तोच ९ मे १९१९ ला ते गेले. उरलेलं काम कोणाकडे आलं? ज्यांना नवऱ्याने घरी अक्षरं गिरवायला शिकवली त्या लक्ष्मीबाईंकडे. त्यांनी कितीतरी अध्याय रचले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलेलं त्यांनी पाहिलं नाही, ते नंतर निघालं. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी एकाच गोष्टीसाठी वाचावं. ही बाई स्वतःवर हसू शकते. स्वतःची फजिती ती जशीच्या तशी सांगते, लपवत नाही, कुढतही नाही. आपली किंमत पणाला लागलेली नाही हे ज्याला आतून ठाऊक आहे, त्यालाच असं हसता येतं. त्या मुलाला आम्ही पुस्तक दिलं तेव्हा हे एवढं लांबण लावून सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणालो, वाच, हसू येईल.

त्यानंतर तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं, "मग परीक्षा परत द्यायची की नाही?" आम्ही म्हणालो, हे यिर्मयाला विचारू नकोस, वयोमर्यादा आणि घरची परिस्थिती बघ, वडिलांशी बोल. देवाच्या वचनातून नोकरीची जाहिरात वाचायची नसते. तो हसला. दरम्यान गावातल्या दहावीच्या पोरांना तो संध्याकाळी गणित शिकवू लागला आहे. पैसे फारसे मिळत नाहीत म्हणतो, पण झोप लागते. चिठ्ठी त्याने परत नेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही पेनाने पाचवी ते दहावी ओळ कुठे सापडेल तेवढं लिहून दिलं आहे.

इय्योबाबद्दल काही श्रोत्यांचे प्रश्न आले आहेत, ते पुढच्या वेळी घेऊ. आज एवढंच. नमस्कार.